अठरा कचेऱ्यांचा गारवा

बंगळूरच्या कब्बन उद्यानाला लागून एक तांबडी दुमजली इमारत उभी आहे. आज तेथे कर्नाटकाचे उच्च न्यायालय भरते. पण तिचे जुने नाव 'अठारा कचेरी'. १८६८ साली ती पुरी झाली आणि म्हैसूरच्या कारभाराची अठरा खाती एका छपराखाली आली. शहाजीराजांची जहागीर ज्या गावी होती, तेथे हे नाव ऐकून मराठी माणसास परकेपणा वाटू नये.

ह्या अठरा कचेऱ्यांना गारवा कोण पुरवीत असे? जाड भिंती, उंच छत, खांबांचे व्हरांडे आणि शेजारच्या उद्यानाची सावली. शिवाय गाव समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचीवर, आणि भोवती तळी. हा गारवा कोणा एका कचेरीच्या मालकीचा नव्हता. पुढे संपंगी तळ्याच्या जागी कंठीरव क्रीडागार झाले, धर्मांबुधीच्या जागी बसस्थानक आले, आणि सामाईक गारव्याचे भांडवल आटत गेले.

मग काचेच्या कचेऱ्या उठल्या. अशाच एका कचेरीत भर मे महिन्यात मी बैठकीस गेलो होतो. खिडक्या कायमच्या बंद, आणि समोरच्या टंकलेखिकेच्या अंगावर लोकरी स्वेटर! गच्चीवर मात्र त्या एकट्या इमारतीची यंत्रे धडधडत होती.

ह्या यंत्रांची शक्ती 'टना'त मोजतात. हा टन वजनाचा नव्हे. एक टन बर्फ चोवीस तासांत वितळताना जेवढी उष्णता शोषून घेते, तेवढी उष्णता काढून टाकण्याची ती शक्ती होय. १८३३ साली बॉस्टनहून कलकत्त्यास जहाजाने बर्फ आला, त्या व्यापाराच्या काळाची आठवण ह्या मापात अजून टिकून आहे.

बर्फ जसा एका वखारीतून घरोघर जाई, तसे थंड पाणी एका कारखान्यातून नळांनी अनेक इमारतींना का देऊ नये? अमेरिकेत हार्टफर्ड शहरी १९६२ पासून ते दिले जाते. आपल्याकडे गुजरातेत गांधीनगरजवळच्या गिफ्ट सिटीत २०१५ साली अशी योजना सुरू झाली. सर्व कचेऱ्यांचा उकाडा एकाच घटकेस शिगेला पोहोचत नाही. म्हणून सामाईक यंत्रे एकूण कमी लागतात. रात्री विजेची मागणी उतरली की पाणी थंड करून टाकीत साठविता येते. मात्र गिफ्ट सिटीत मोकळ्या जमिनीवर आधी भुयार बांधले आणि मग इमारती उठविल्या. बंगळुरात रस्ता खणावयाचा म्हणजे आठ-दहा खात्यांची संमती. तो अनुभव मी आपणांस सांगत नाही.

तथापि खरी अडचण रस्त्याची नसून पाण्याची आहे. शोषलेली उष्णता बाहेर टाकण्यासाठी मोठ्या यंत्रांचे मनोरे पाण्याची वाफ करतात; दर टनामागे तासाला सुमारे साडेसहा लिटर. दहा हजार टनांचा कारखाना पूर्ण भाराने दहा तास चालला, तर साडेसहा लाख लिटर पाणी आकाशात गेले! आणि हे गाव कावेरीचे पाणी सुमारे शंभर किलोमीटरांवरून, शेकडो मीटर उंच चढवून आणते. २०२४ च्या मार्चात तेथे पिण्याच्या पाण्याने मोटार धुणाऱ्यास पाच हजार रुपये दंड ठरला होता. ते पाणी कचेऱ्यांच्या गारव्यासाठी उडविणे मला तरी समर्थनीय वाटत नाही. ही योजना करावयाची असेल तर ती शुद्ध केलेल्या सांडपाण्यावरच व्हावी. गावापाशी ते विपुल आहे.

पण तेही अगदीच बेवारस नाही. कोरमंगल-चल्लघट्ट खोऱ्यातील असे पाणी २०१८ पासून कोलार जिल्ह्याच्या कोरड्या तळ्यांत सोडले जाते. कचेरीच्या भाषेत सांगावयाचे तर, त्या कागदावर कोलारच्या शेतकऱ्याचा शेरा अगोदरच पडलेला आहे.