गुन्हेगार जमातींची नोंदवही : निरसन आणि निर्लेखन

गुन्ह्याची नोंद नष्ट करणे आणि ती दप्तरात मोहोरबंद ठेवणे, या दोन भिन्न गोष्टी होत. पहिल्या प्रकारात नोंदच उरत नाही. दुसऱ्यात ती उरते, पण तिचा वापर निर्बंधित होतो. गुन्हेगार जमाती कायद्याच्या इतिहासात मात्र या दोहोंपैकी एकही घडले नाही.

१८७१ चा मूळ कायदा प्रथम उत्तर हिंदुस्थानात लागू झाला. १९११ च्या कायद्याने त्याची कक्षा मुंबई इलाख्यापर्यंत वाढविली व १९२४ मध्ये त्याचे एकत्रीकरण झाले. सरकारने एखादी जमात अधिसूचित केली की तिच्यातील व्यक्तींची नावे नोंदवहीत चढविता येत. त्यासाठी त्या व्यक्तीस पूर्वी शिक्षा झालेली असणे आवश्यक नव्हते. अधिसूचनेच्या वैधतेस न्यायालयात आव्हान देता येत नसे. हजेरी, बोटांचे ठसे, संचारावरील बंधने व सोलापूरसारख्या ठिकाणच्या वसाहती ही सारी यंत्रणा याच नोंदवहीवर उभी होती.

अय्यंगार समितीच्या शिफारशीनंतर १९५२ मध्ये हा कायदा निरसित झाला. त्यायोगे अधिसूचित जमाती ‘विमुक्त’ ठरल्या. तथापि निरसनाने कायद्याचा अंमल संपतो; त्या कायद्याखाली लिहिलेली नावे आपोआप पुसली जात नाहीत. मुंबई राज्यात १९५९ मध्ये सराईत गुन्हेगारांविषयीचा कायदा झाला. त्याचा आधार जमात नसून व्यक्तीस झालेल्या शिक्षा हा होता. तत्त्वतः हा मोठा फरक होय. परंतु जुन्या संशयाचे निर्लेखन त्यातूनही साधले नाही.

याची साक्ष सर्वोच्च न्यायालयाच्या ३ ऑक्टोबर २०२४ च्या निर्णयात मिळते. अनेक राज्यांच्या तुरुंग-नियमावलीतील जातीय भेदभाव घटनाबाह्य ठरवून न्यायालयाने कैद्यांच्या नोंदवह्यांतील जातीचा रकाना व जातिविषयक उल्लेख काढून टाकण्याचा आदेश दिला. निरसनानंतर ७२ वर्षांनी असा आदेश द्यावा लागला, हीच गोष्ट पुरेशी बोलकी आहे.

तुलनेसाठी २०१५ चा बाल न्याय कायदा पाहता येईल. त्यात काही अपवाद वगळता, विधिसंघर्षग्रस्त बालकाची दोषसिद्धीची कागदपत्रे विहित मुदतीनंतर नष्ट करण्याची स्पष्ट तरतूद आहे. एका बालकाच्या प्रत्यक्ष अपराधाबाबत विधिमंडळाने जी दक्षता घेतली, ती अपराधाविना नोंदविलेल्या समूहांबाबत १९५२ मध्ये घेतली गेली नाही. विमुक्तीचा इतिहास म्हणूनच निरसनाच्या तारखेपाशी थांबविता येत नाही. तो दप्तरापर्यंत न्यावा लागतो.