काँग्रेस विहीर आणि नगरपालिकेचे पाणी

चार हजार तीनशे सत्तर रुपये तीन आणे. बेळगावच्या काँग्रेस विहिरीचा खर्च म्हणून हा आकडा आपल्याकडे अजून सांगितला जातो. आपणही तो कुणाच्या तरी तोंडून ऐकला असेल. हजारांच्या हिशेबात ते तीन आणे कुणी गाळले नाहीत, याचे मला लहानपणापासून कौतुक वाटत आले आहे. २६ आणि २७ डिसेंबर १९२४ रोजी महात्मा गांधींच्या अध्यक्षतेखाली काँग्रेसचे ३९वे अधिवेशन टिळकवाडीच्या माळावर भरले. गांधीजींनी काँग्रेसचे अध्यक्षपद भूषविले ते या एकाच अधिवेशनात. मंडपनगरीला नाव दिले विजयनगर, आणि तिच्यासाठी खोदलेल्या विहिरीला पंपा सरोवर. गंगाधरराव देशपांडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उभे केलेले ते तात्पुरते नगर काही दिवसांत उठले. तट्टे, बांबू, खादीचे कापड ज्याच्या त्याच्या ठिकाणी गेले. विहीर मात्र राहिली, आणि पुढे शहराच्या कामी आली.

त्या अधिवेशनावर आपल्याकडे पुष्कळ लिहिले गेले आहे. वाचकहो, मला आज बोलायचे आहे ते विहिरीबद्दल, आणि तिच्या निमित्ताने आपल्या भागातल्या नगरपालिकांनी अडचणीच्या काळात पाण्याचे काय केले याबद्दल. हजारो माणसे येणार म्हटल्यावर पहिली कुदळ विहिरीसाठी मारावी लागली, यातच त्या वेळच्या शहराची स्थिती दिसते.

पावसाच्या बाबतीत बेळगावला गरीब म्हणता येत नाही. सरासरीने वर्षाला पन्नास इंचांच्या आसपास पाऊस पडतो. जून ते सप्टेंबर या दिवसांत आपल्या जुन्या घरांच्या परसातले आड हाताने पाणी घ्यावे इतके वर येत, आणि त्याच आडांना एप्रिल-मे महिन्यांत दोराची गाठ वाढवावी लागे. शहर अडीच हजार फूट उंचीवर वसलेले. मार्कंडेय नदी उत्तरेकडून जाते, मलप्रभा दक्षिणेला खानापूरकडे, आणि दोन्ही नद्यांचे पाणी शेवटी पूर्वेकडे निघून जाते. शहराच्या अंगाला लागून वाहणारी मोठी नदी नाही. त्यामुळे गावाची भिस्त विहिरींवर, किल्ल्याजवळच्या तळ्यावर, कपिलेश्वर तलाव आणि जक्कीन होंडा यांसारख्या जुन्या जलस्थानांवर. चार महिने पाणी जास्त आणि दोन महिने कमी, असा हा संसार.

त्यात कारभाराची तीन तोंडे. गाव नगरपालिकेचे, छावणी लष्कराची, आणि रेल्वेच्या रुळांपलीकडचे विणकरांचे व सराफांचे शहापूर हे सांगली संस्थानाचे. आपण सीमेचा हिशेब १९५६ पासून मांडतो, ते साहजिकच आहे. पण पाण्याच्या बाबतीत या गावाने सीमा फार आधीपासून पाहिली आहे. भूगर्भातला झरा एक, आणि त्यावर हक्क सांगणाऱ्या कचेऱ्या तीन!

बेळगावची नगरपालिका १८५१ सालची. निपाणीचीही त्याच दशकातली. त्या वेळचा कायदा १८५० चा सव्विसावा. त्याची गंमत अशी की तो कुणावर लादायचा नव्हता. ज्या गावच्या रहिवाशांना नगरपालिका हवी, त्यांनी ती मागून घ्यायची होती. मुंबई इलाख्यातल्या गावांनी ती मागून घेतली, कारण या कायद्याखाली जकात बसवता येत होती. घरपट्टी घराच्या धन्याला थेट दिसते आणि बोचते. जकात धान्याच्या, तुपाच्या, तंबाखूच्या भावात मिसळून जाते. सभासद सरकारने नेमलेले, अध्यक्ष बहुधा कलेक्टर. रिपनचा १८८२ चा ठराव आणि त्यामागून आलेला १८८४ चा मुंबईचा कायदा, यांच्यामुळे निम्म्या जागा लोकांनी निवडून द्यायची सोय झाली. आपल्या कित्येक घरांत 'मुन्शिपालटीचे मेंबर' असलेल्या पणजोबांची तसबीर असते, ती या काळानंतरची.

आता जकातीवर चालणाऱ्या नगरपालिकेची खरी अडचण पाहा. पाऊस गेला की बाजार बसतो, गाड्या येत नाहीत, नाक्यावरची पेटी रिकामी राहते. म्हणजे ज्या वर्षी विहिरी खोल करायला पैसा हवा, नेमक्या त्याच वर्षी तो नसतो. सुकाळात पैसा असतो तेव्हा विहिरीची आठवण कुणाला? तेव्हा रस्ते, दिवे, बाजाराची इमारत. मी त्या सभासदांना दोष देत नाही. त्यांच्या जागी आपण असतो तर आपणही बाजाराच्या इमारतीवर नावाची पाटी लावली असती.

१८७६-७७ चा दुष्काळ आपल्या जिल्ह्यात सगळीकडे सारखा नव्हता. खानापूर, बेळगाव या पश्चिमेकडच्या भागाला सह्याद्रीचा थोडा तरी आधार होता. अथणी, गोकाक, परसगड हे पूर्वेकडचे तालुके होरपळले. कानडी मुलुखात त्याआधीच्या, १७९०-९२ च्या दुष्काळाला कवट्यांचा दुष्काळ म्हणत. त्याची आठवण अजून ताजी होती. सरकारने दुष्काळी कामे काढली: खडी फोडणे, रस्ते, तळी. १८७७ च्या आरंभी सर रिचर्ड टेंपल यांच्या सल्ल्याने मजुरी कापली गेली ती अशी, की पुरुष मजुराला दिवसाला एक पौंड धान्य आणि वर अर्धा आणा. मुंबई इलाख्यात ठिकठिकाणी मजुरांनी ती नाकारून काम सोडले, आणि पुण्याच्या सार्वजनिक सभेने त्यांची बाजू मांडली. ज्या रस्त्यांवरून आज आपली मोटार पळते, त्यांतल्या काहींच्या तळाशी ही अर्ध्या आण्याची खडी आहे.

दुष्काळी कामांचा एक गुण सांगायला हवा. त्यातून तळी झाली, बंधारे झाले. पण ते सरकारचे काम होते, गावाच्या नगरपालिकेचे नव्हे. पैशाची किल्ली वर होती. गावात सभासदांच्या हाती उरे ते गाळ काढणे, रहाट बसवणे, भिस्त्याच्या पखालीवर आणि रस्त्यावर पाणी शिंपडणाऱ्या गाड्यांवर लक्ष ठेवणे.

मग प्लेग आला. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईत, आणि रेल्वेच्या वाटेने पुढे दक्षिणेत. लोक गाव सोडून माळावर झोपड्या घालून राहिले. माळावर झोपडी घालता येते, आड नेता येत नाही. तेव्हा तिथेही पहिला प्रश्न पाण्याचाच. १९०१ च्या खानेसुमारीत छावणीसकट बेळगावची वस्ती ३६,८७८ भरली, निपाणीची अकरा हजारांच्या पुढे. एवढ्याशा वस्तीच्या नगरपालिकेने दुष्काळ, प्लेग, १८९९-१९०० चा पुन्हा दुष्काळ आणि १९१८ साली पाऊस व इन्फ्लुएंझा दोन्ही एकदम, हे सगळे पट्टी आणि जकात यांवर निभावले. नळाची मोठी योजना का झाली नाही, असे विचारणाऱ्याने हा हिशेब आधी समोर ठेवावा.

अशा शहरात १९२४ साली काँग्रेस आली. स्वागत समितीने वर्गणीच्या पैशातून विहीर खोदली, आणि जे काम नगरपालिकेला वर्षानुवर्षांच्या अंदाजपत्रकात बसवता आले नसते ते एका हंगामात झाले. कारण उघड आहे. समितीला एकच तारीख गाठायची होती, आणि तिला पुढच्या वर्षीच्या जकातीची काळजी नव्हती. नगरपालिकेला मात्र विहीर खोदून भागत नाही, ती राखावी लागते.

इथवरची हकिकत आपल्या अभिमानाची आहे. पुढची थोडी अवघड आहे, पण ती सोडली तर पाण्याचा इतिहास अर्धाच राहील.

गांधीजींच्या बेळगावच्या अध्यक्षीय भाषणात अस्पृश्यतानिवारणाचा विषय होता. त्यानंतर चार महिन्यांच्या आत, एप्रिल १९२५ मध्ये, आपल्याच जिल्ह्यात निपाणीला मुंबई इलाखा प्रांतिक बहिष्कृत परिषद भरली. अध्यक्ष होते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. निपाणी त्यासाठी आडवाटेची नव्हती. शेजारच्या कोल्हापूर संस्थानात शाहू महाराजांनी १९१९ सालीच सार्वजनिक पाणवठे आणि इमारती सर्वांना खुल्या करण्याचे हुकूम काढले होते. १९२० ची माणगाव परिषद इथून फार लांब झाली नव्हती. इंग्रजी हद्दीतही ४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबईच्या कायदेमंडळात रावबहादूर सीताराम केशव बोले यांचा ठराव मंजूर झाला होता. सार्वजनिक पैशातून बांधलेली किंवा राखलेली तळी, विहिरी, धर्मशाळा, शाळा अस्पृश्य मानलेल्यांना खुल्या असाव्यात, असा तो ठराव. अंमल कुणी करायचा? नगरपालिकांनी आणि लोकल बोर्डांनी. म्हणजे आपल्या तसबिरीतल्या पणजोबांनी.

ठराव आणि घाट यांत किती अंतर असते ते महाडने दाखवले. सुरेंद्रनाथ टिपणीस यांच्या पुढाकाराने महाडच्या नगरपालिकेने जानेवारी १९२४ मध्ये चवदार तळे खुले केल्याचा ठराव केला. कागदावर तळे खुले झाले. पाण्याला हात लागला तो २० मार्च १९२७ रोजी, आणि हात लावणाऱ्यांना मार खावा लागला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये नगरपालिकेने आपलाच ठराव मागे घेतला. तळे खासगी आहे, असा दावा सवर्णांनी लावला. तो हायकोर्टात १७ मार्च १९३७ रोजी निकाली निघाला, बाबासाहेबांच्या बाजूने. मधल्या काळात बोले यांनी १९२६ साली आणखी एक ठराव आणला होता: ज्या नगरपालिका आणि बोर्डे पहिला ठराव पाळणार नाहीत त्यांची सरकारी मदत थांबवावी. पैशाच्या तंगीत दिवस काढणाऱ्या सभासदांना ही भाषा लवकर समजेल, असा त्यांचा हिशेब असावा. मला तो हिशेब चोख वाटतो. पाणी कुठून आणायचे आणि पैसा कुठून आणायचा, या दोन प्रश्नांवर आपल्या नगरपालिकांनी रात्री जागवल्या. पाणी कुणी भरायचे हा तिसरा प्रश्न त्यांच्यापुढे कुणीतरी बाहेरून ठेवावा लागला.

नळ आल्यावर हा प्रश्न निदान घाटावरून हलला. नळाच्या तोटीला जात विचारता येत नाही, निदान सहजासहजी नाही. कोणत्या गल्लीपर्यंत नळ न्यायचा हे विचारता येते, पण ते वेगळे प्रकरण. मार्कंडेय नदीवर राकसकोपचा जलाशय झाला, पुढे हिडकलचे पाणी शहराला आले. निपाणीला यमगर्णीहून वेदगंगेचे पाणी उपसून जवाहर तलावात येऊ लागले, आणि पावसाळ्यात तलाव सांडव्यावरून वाहू लागला की गावकरी कुटुंबासकट पाहायला जाऊ लागले. बेळगावकर वर्तमानपत्रात राकसकोपची पातळी पाहतो; २४७५ फूट म्हटले की त्याचा जीव थंड होतो.

मग विहिरी विसरल्या गेल्या. काही बुजवल्या, काहींत कचरा पडला, काहींवर इमारती झाल्या. १९९० च्या दशकात पाऊस ओढला आणि राकसकोप तळाला गेले, तेव्हा महापालिकेने जुन्या विहिरी शोधून काढल्या, गाळ उपसला, पंप बसवले आणि त्यांचे पाणी वस्त्यांना जोडले. काँग्रेस विहीरही पुन्हा कामाला आली. शंभर वर्षांपूर्वी वर्गणीतून खोदलेल्या विहिरीने कर्जाने बांधलेल्या योजनेला हात दिला, हे वाचताना माझ्या मनात जरा हसू आले. पाऊस बरा झाला की लक्ष पुन्हा जलाशयाकडे गेले, हेही सांगितले पाहिजे. जकातीच्या काळातली सवय जकात गेली तरी गेलेली नाही.

आपल्यापैकी बऱ्याच जणांच्या जुन्या घरात आड असेल, किंवा होता. आमच्याही घरी होता. त्याच्या काठाच्या दगडावर दोरांनी पाडलेल्या खाचा होत्या, आणि मी लहान असताना त्या खाचांत बोट घालून बसत असे. आडापासून आठ-दहा हातांवर, परसाच्या दाराबाहेर, दगडाची एक डोण होती. ती गुरांसाठी असावी असे मला वाटे. मोठा झाल्यावर आजीने सांगितले की उन्हाळ्यात काही बायका घागरी घेऊन दाराबाहेर उभ्या राहत, आणि घरातले कुणीतरी आडातून शेंदून त्या डोणीत ओतत असे; त्या डोणीतून भरून नेत. कुणाला वेळ नसेल तर त्या थांबत. किती वेळ, असे मी विचारले. ती म्हणाली, 'हाताला सवड होईपर्यंत.' आड १९७० च्या सुमारास बुजवला. डोण अजून आहे, तिच्यात कढीलिंब लावला आहे.