सोडून द्यायचं ओझं

अब्बा मुंबईत मस्जिद बंदरला हमाली करायचे. शंभर किलोचं पोतं पाठीवर घेऊन फळीवरून ट्रकमध्ये चढायचे. पोतं खाली पडू देणं म्हणजे त्यांच्या लेखी अब्रू जाणं.

श्रोतेहो, १९६७ साली आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेनं ओझ्याविषयी करार केला. सोबतच्या शिफारशीत पुरुषासाठी ५५ किलोंची मर्यादा सुचवली. १९६९ साली अण्णासाहेब पाटलांच्या लढ्यातून आपल्या राज्यात माथाडी कायदा आला. हमालाच्या कामाची नोंद झाली, भविष्य निर्वाह निधी मिळू लागला. पोतं मात्र पाठीवरच राहिलं. भारतानं त्या कराराला मान्यता दिली ती २०१० साली.

आज माझा पुतण्या भिवंडीच्या गोदामातून दुकानांना माल पोहोचवतो. पाठीवर काही नाही. चाकांचा जाळीदार पिंजरा ट्रकच्या मागच्या उचलफळीवरून उतरवायचा आणि ढकलत न्यायचा. पण भरलेला पिंजरा काही शे किलोंचा असतो. म्हणून जड माल तळाशी ठेवायचा, वरून वाट दिसेल इतकाच भरायचा, फळीवर ब्रेक लावायचा. ओढायचा नाही, ओढणाऱ्याच्या टाचेवर चाक येतं.

गेल्या वर्षी एक पिंजरा कलंडला. पुतण्यानं आजोबांसारखाच खांदा लावला. हात मोडला. खरा नियम असा, की कलंडू लागला की हात सोडायचा आणि बाजूला व्हायचं.

ओझं पाठीवरून चाकांवर आलं. अब्रू मात्र जुन्याच जागी राहिली. अब्बांना पटलं असतं की नाही, कोण जाणे. मी पुतण्याला बजावलंय, "बेटा, माल फुटला तर फुटू दे."