ओळी वाईट आहेत, एवढं कळतंय

सोमवार, 16 जून 1783. लंडनच्या फ्लीट स्ट्रीटला लागून असलेल्या बोल्ट कोर्टमधल्या घरात तुम्ही झोपायला निघाला आहात. तुम्ही म्हणजे डॉक्टर सॅम्युअल जॉन्सन. वय 73, अंगाने थोराड, डोळ्यांनी अधू, दम्याने बेजार. आजचा दिवस मात्र बरा गेला. चित्रासाठी बसून झालं, बरंच चालणं झालं, फारसा त्रास झाला नाही. संध्याकाळी तर पुढचे बेतही मनात घोळू लागले. तुमचा इंग्रजी शब्दकोश निघाला त्याला 28 वर्षं झाली. चाळीस हजारांवर शब्दांचे अर्थ तुम्ही लिहिलेत आणि गप्पांच्या फडात तुमच्यापुढे टिकलेला माणूस विरळाच.

रात्री जाग येते. उठून बसायची जुनी सवय, तसे बसता. तेवढ्यात डोक्यात सगळं कालवल्यासारखं होतं. अर्धा मिनिट असेल. दुखत काहीच नाही. घाबरून तुम्ही देवाला विनवता: शरीराचं काय करायचं ते कर, बुद्धी तेवढी राहू दे. आणि इथे तुमच्यातला मास्तर जागा होतो. बुद्धी शाबूत आहे हे ठरवायचं कसं? तीच प्रार्थना लॅटिनमध्ये रचायची, आणि तीही छंदात. लॅटिन वृत्तांतही संस्कृतसारखे लघु-गुरू सांभाळावे लागतात. धड शुद्धीत असलेल्याचीही भंबेरी उडावी असं काम. ओळी सहज जुळतात. वाईट आहेत. पण वाईट आहेत हे तुम्हाला कळतंय, आणि तेवढ्यावर तुम्ही निकाल देऊन टाकता: डोकं ठिकाणावर आहे.

मग लक्षात येतं की वाचा गेली आहे.

आज हे घडलं असतं तर कुणीतरी तुम्हाला हसून दाखवायला, दोन्ही हात वर करायला, एखादं वाक्य बोलायला सांगितलं असतं आणि लगेच घड्याळ पाहिलं असतं. मेंदूची रक्तवाहिनी गुठळीने तुंबली असेल तर ती विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. 1783 मध्ये घड्याळ पाहून काय करणार? मेंदूच्या डाव्या बाजूला, पुढच्या भागात, बोलण्याशी बांधलेली एक जागा आहे हे पॅरिसचे पॉल ब्रोका दाखवतील, पण त्याला अजून 78 वर्षं आहेत. तुमची भाषाच बिघडली होती की नुसती जीभ अडली होती, यावर पुढचे मेंदूतज्ज्ञ विसाव्या शतकातही खल करतील. तुमच्याजवळ आत्ता फक्त लॅटिन ओळींची ती परीक्षा आहे, आणि मला विचाराल तर ती काही वाईट नव्हती.

तुम्हाला मरणाची भीती किती, हे सगळ्या मित्रांना ठाऊक आहे. आत्ता ती फिरकतही नाही, आणि याचंच तुम्हाला नवल वाटतं. दारूने जीभ सुटते म्हणतात. एरवी दारूपासून लांब राहणारे तुम्ही दोन घोट घेता. अंग जोरजोरात हलवून पाहता. काही उपयोग नाही. मग तुम्ही चक्क झोपून जाता.

उजाडल्यावर कामाला लागता. हात चालतो आहे, हीच केवढी कृपा. तुमचे मित्र डॉक्टर लॉरेन्स नुकतेच वारले. पक्षाघाताच्या झटक्यानंतर त्यांना तेवढंही उरलं नव्हतं. पहिली चिठ्ठी नोकरासाठी. फ्रान्सिस बार्बर, जमैकात गुलामीत जन्मलेला, तीस वर्षांपासून तुमचा माणूस. तो बोलतबोलतच खोलीत येतो. तुम्ही कागद पुढे करता. समोर धनी बसलेले असताना त्यांचंच लिहिलेलं आपण का वाचायचं, हे त्याला कळत नाही. दुसरी चिठ्ठी शेजारी राहणाऱ्या ॲलन यांना: देवाने वाचा नेली, कदाचित शुद्धही नेईल, तेव्हा ताबडतोब या आणि माझ्या वतीने लागेल ते करा. मजकूर नेटका आहे, पण लिहिताना हात भलतीच अक्षरं काढतो. का, ते तुम्हाला कळत नाही. या एका गोष्टीने तुम्ही खरे हादरायला हवे होतात. तुम्ही ती नोंदवून पुढे जाता.

हेबरडन आणि ब्रॉकल्सबी हे डॉक्टर येतात. माणसं जीव लावणारी, पण उपाय त्या काळचेच. फोड उठवणारा एक लेप पाठीवर, दोन कानापासून गळ्यापर्यंत, दोन्ही बाजूंना एकेक. शिवाय हरणाच्या शिंगापासून काढलेला क्षार पोटात. त्यावर तुमचा फारसा विश्वास नाही. दोन दिवसांत ख्रिस्ती प्रार्थना बऱ्यापैकी स्पष्ट म्हणता येऊ लागते आणि तुम्ही बाथ गावी असलेल्या तुमच्या जुन्या स्नेही हेस्टर थ्रेल यांना सगळी हकीकत लिहायला बसता. दोघांत आता पूर्वीचा जिव्हाळा उरलेला नाही, तरी लिहिता.

गळ्यावरच्या लेपाने मात्र फोड काही उठत नाहीत. तुम्ही औषधवाल्याला फैलावर घेता. एडिनबरोच्या औषधकोशात दिलाय तसाच लेप कर, म्हणजे नीट चिकटेल! तो बिचारा करतो. आता अंगावर जे दोन लेप आहेत ते तुम्ही स्वतःच ठरवून दिलेले आहेत.