जुन्या ट्रान्झिस्टरची नावे काय सांगतात?

आमच्या घरी वडिलांनी १९७० च्या सुमारास घेतलेला, बॅटरीवर चालणारा एक रेकॉर्ड प्लेअर आहे. काही वर्षांपूर्वी तो मुका झाला. उघडून पाहिले, तर शेवटच्या टप्प्यातील एसी १२७ आणि एसी १२८ या ट्रान्झिस्टरांच्या जोडीपैकी एक निकामी झालेला आढळला. पुण्याच्या बुधवार पेठेत चौकशी केली. "ते आता कुठले मिळायला, साहेब? एसएल १००, एसके १०० ची जोडी लावून टाका," दुकानदार म्हणाला. ती लावली. प्लेअर बोलू लागला. गाण्यातला मोठा आवाज ठीक होता, पण आलापातला हळुवार सूर मात्र खरखरीत आणि तुटक येई. असे का व्हावे?

या प्रश्नाचे उत्तर जुन्या भागांच्या नावांतच दडलेले आहे. व्हॉल्व्हच्या काळात युरोपातील उत्पादकांनी नावांची एक पद्धत ठरवली होती. ईएल ८४ या नावातील 'ई' म्हणजे व्हॉल्व्हच्या हीटरला ६.३ व्होल्ट लागतात आणि 'एल' म्हणजे तो शक्ती पुरवणारा पेंटोड आहे. डायोडसाठी 'ए' आणि ट्रायोडसाठी 'सी' ही अक्षरे होती. पुढे ट्रान्झिस्टर बाजारात आला, तेव्हा हीच पद्धत त्यालाही लावली गेली. ट्रान्झिस्टरला ट्रायोडप्रमाणे तीन टोके, म्हणून 'सी'. हीटर मात्र नाहीच, म्हणजे शून्य व्होल्ट, म्हणून 'ओ'. अशा रीतीने ओसी ७१ हा 'हीटर नसलेला ट्रायोड' ठरला. प्रयोगशाळेतील ओए ७९ डायोडचे नावही असेच पडले.

डिसेंबर १९४७ मध्ये बार्डीन आणि ब्रॅटन यांनी बेल प्रयोगशाळेत बनवलेला पहिला ट्रान्झिस्टर जर्मेनियमचा होता. मेंडेलीवने १८७१ मध्ये 'एका-सिलिकॉन' म्हणून भाकीत केलेले आणि विंक्लरने १८८६ मध्ये शोधलेले हेच ते मूलद्रव्य. जर्मेनियम सुमारे ९३८ अंश सेल्सिअसला वितळते, तर सिलिकॉनला १४१४ अंश लागतात. त्यामुळे जर्मेनियम शुद्ध करणे सोपे गेले. पण तापले की त्यातून नको असलेली विद्युतधारा झिरपू लागते. १९५४ मध्ये टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सने सिलिकॉनचा ट्रान्झिस्टर बाजारात आणला. तो जास्त तापमान सहन करी. शिवाय सिलिकॉनवर टिकाऊ, विद्युतरोधक ऑक्साइडचा थर चढवता येतो. हळूहळू जर्मेनियम मागे पडले.

आता नावात पदार्थ सांगणे गरजेचे झाले. नव्या युरोपीय पद्धतीत पहिले अक्षर 'ए' म्हणजे जर्मेनियम आणि 'बी' म्हणजे सिलिकॉन. दुसरे अक्षर 'सी' म्हणजे श्राव्य वारंवारतेसाठीचा, कमी शक्तीचा ट्रान्झिस्टर. आपल्याकडे बंगळूरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सने १९६२ मध्ये जर्मेनियमच्या अर्धवाहक भागांचे उत्पादन सुरू केले. एसएल १०० हे नाव मात्र या पद्धतीतले नाही. तो सिलिकॉनचा आहे हे नावावरून कळत नाही, आणि मी नेमका इथेच फसलो.

जर्मेनियमचा ट्रान्झिस्टर बेस-एमिटरमध्ये ०.२ ते ०.३ व्होल्ट मिळाले की वाहू लागतो. सिलिकॉनला ०.६ ते ०.७ व्होल्ट हवेत. शेवटच्या टप्प्यात एक ट्रान्झिस्टर तरंगाचा वरचा अर्धा भाग आणि दुसरा खालचा अर्धा भाग सांभाळतो. दोघेही किंचित 'जागे' राहावेत म्हणून त्यांच्या बेसमध्ये थोडे विभवांतर कायम ठेवलेले असते. ते जर्मेनियमच्या मापाचे, अर्ध्या व्होल्टाहूनही कमी होते. सिलिकॉनची जोडी तेवढ्याने जागी होईना. त्यामुळे तरंग शून्य ओलांडताना दोन्ही ट्रान्झिस्टर बंद राहत आणि तेवढा भाग गळून जाई. मोठ्या तरंगात ही तूट कानाला फारशी जाणवत नाही. लहान तरंगाचा मात्र बराचसा भागच नाहीसा होतो.

मग जुना, न वापरलेला माल शोधावा का? तो मिळाला तरी खात्री नसते. एएफ ११७ सारख्या ट्रान्झिस्टरांच्या धातूच्या डबीत आतून कथिलाचे केसासारखे तंतू वाढतात आणि टोकांना चिकटतात. हे तंतू डबी खोक्यात नुसती पडून असली तरी वाढतात. म्हणून मी दुसरा मार्ग धरला. दोन्ही बेसच्या मध्ये दोन सिलिकॉन डायोड एकसर जोडून सुमारे १.२ व्होल्ट मिळवले. आलाप पुन्हा सरळ ऐकू येऊ लागला.

हा फरक वर्गातही दाखवता येईल. मल्टिमीटर डायोडच्या खुणेवर ठेवून आधी ओए ७९ आणि मग १एन ४००७ तपासावा. पहिल्याचा आकडा दुसऱ्याच्या निम्म्याच्या आसपास येईल. नंतर दोन्ही डायोड झाकून मुलांच्या हाती द्यावेत आणि त्यांतला जर्मेनियमचा कोणता, हे नाव न पाहता ओळखायला सांगावे.