जोखमी हुंडी आणि आजचें देणें

२०१६ सालीं यूपीआय ही व्यवस्था सुरू झाल्यापासून ॲपांत वस्तु निवडतां निवडतांच तिचें मोल बँकेच्या खात्यांतून परभारें चुकतें होतें. ही सोय अगदीं अपूर्व आहे, असें आमच्या तरुण मंडळींस वाटतें. जोखमी हुंडी ज्यानें पाहिली त्यास तसें म्हणवणार नाहीं. जहाजांतून पाठविलेल्या मालावर ही हुंडी काढीत. माल बंदरास सुखरूप लागला तरच ती पटावयाची. जहाज बुडालें कीं हुंडीही बुडाली! मालाचें देणें आणि विमा हीं एकाच कागदांत गोंविलेलीं असत, आणि हुंडी विकत घेणारा सावकार धोक्याचा मोबदला आधींच कापून घेई.

हुंडी वाटेंत गहाळ झाल्यास पेठ, तीही हरवल्यास परपेठ लिहून देत; पैसे मात्र तिहींपैकीं एकीवरच मिळत. आजच्या संगणकासही हीच चिंता आहे. एकच हुकूम दोनदां पोंचला तरी रक्कम एकदांच वजा झाली पाहिजे.

फरक आहे तो निराळाच. शाहजोग हुंडीचे पैसे बाजारांत पत असलेल्या शाहाच्याच हातीं पडत, म्हणून ते कोणीं नेले याचा माग लागे. आज भामटा गिऱ्हाइकाकडूनच गुप्त आंकडा दाबवून घेतो. पेढीवरचा मुनीम पैसे मोजण्यापूर्वीं जो एक प्रश्न विचारी, तो विचारणारें त्या क्षणीं बहुधा कोणीच नसतें.