भालचंद्र नेमाडे

भालचंद्र वनाजी नेमाडे (जन्म: २७ मे १९३८, सांगवी, जळगाव जिल्हा) हे मराठी कादंबरीकार, कवी व समीक्षक आहेत. स्वानुभवाचे कादंबरीत रूपांतर करणारे लेखक आणि देशीवादाचे प्रवर्तक म्हणून ते ओळखले जातात.

== जीवन ==
नेमाडे यांचे बालपण खानदेशातील शेतकरी कुटुंबात गेले. पुण्यातील फर्ग्युसन महाविद्यालयात पदवी घेतल्यावर त्यांनी डेक्कन कॉलेजात भाषाशास्त्राचे शिक्षण घेतले. पुढे त्यांनी अहमदनगर, धुळे, औरंगाबाद, लंडन, गोवा व मुंबई येथे अध्यापन केले.

== कादंबऱ्या आणि आत्मचरित्र ==
''कोसला'' (१९६३) या पहिल्या कादंबरीचा निवेदक पांडुरंग सांगवीकर पंचवीस वर्षांचा आहे; लेखकाचे वयही तेव्हा तेवढेच होते. निवेदकाचे आडनाव लेखकाच्या गावावरून आलेले आहे. तथापि पांडुरंग शिक्षण अर्धवट सोडून गावी परततो, तर नेमाडे यांनी उच्च शिक्षण पूर्ण केले. त्यामुळे कादंबरीतील घटना लेखकाचे चरित्र म्हणून वाचता येत नाहीत. धाकटी बहीण मनी हिच्या मृत्यूचा भाग आणि ‘उदाहरणार्थ’, ‘वगैरे’ या शब्दांची पुनरुक्ती ही या कादंबरीची ठळक वैशिष्ट्ये होत.

''बिढार'', ''हूल'' (दोन्ही १९७५), ''जरीला'' (१९७७) व ''झूल'' (१९७९) या चार कादंबऱ्यांचा नायक चांगदेव पाटील हा गावोगावच्या महाविद्यालयांत नोकरी करणारा इंग्रजीचा प्राध्यापक आहे. ''हिंदू: जगण्याची समृद्ध अडगळ'' (२०१०) मध्ये पुरातत्त्वाचा संशोधक खंडेराव मरणासन्न वडिलांसाठी मोरगावास परततो, एका कुटुंबाच्या आठवणींतून संस्कृतीचा इतिहास उलगडतो.

नॉर्वेजियन लेखक कार्ल ऊवे क्नाउसगोर यांच्या सहा खंडांच्या आत्मचरित्रात्मक कादंबरीतही (२००९–२०११) वडिलांचा मृत्यू केंद्रस्थानी आहे. मात्र क्नाउसगोर स्वतःच्या नावानेच निवेदन करतात, तर नेमाडे नाव बदलून अनुभवापासून अंतर राखतात. त्यामुळे एका तरुणाची कहाणी पिढीची कहाणी होऊ शकते.

== भाषा ==
जळगावजवळील असोदा येथे जन्मलेल्या बहिणाबाई चौधरी यांच्या गाण्यांतून (१९५२) खानदेशी बोली मराठी काव्यात प्रतिष्ठित झाली. नेमाडे यांनी याच परिसराच्या बोलीला कादंबरीत स्थान दिले.

== पुरस्कार ==
* साहित्य अकादमी पुरस्कार (१९९०) – ''टीकास्वयंवर''
* पद्मश्री (२०११)
* ज्ञानपीठ पुरस्कार (२०१४)